पहिला मान

इंजिन चालू ठेवून मेकॅनिक चौगुलेताई एकेक वायर बोटांनी हलवून बघत होत्या. शेजारी माझे वडील, तात्या, जीव मुठीत धरून उभे. त्यांची जुनी गाडी दसऱ्यापासून वाटेत कुठंही बंद पडायची. दोन गॅरेजवाल्यांनी कॉम्प्युटर लावून हात टेकले होते. आज दोष सापडला नाही तर गाडी भंगारात, असं मी घरी बजावूनच आलो होतो.

एका सेन्सरची वायर हलली आणि इंजिन गचकन बंद पडलं. ताईंनी तिचा प्लग ओढून काढला. आतल्या पिना हिरव्या पडलेल्या, कडेला कुंकू आणि नारळाच्या शेंडीचा एक धागा.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दसऱ्याच्या पूजेत तात्यांनी बॉनेट उघडून नारळाचं पाणी थेट इंजिनावर शिंपडलं होतं! मी तोंड उघडणार, तोच ताईंनी माझ्याकडे असं बघितलं, की मी गप्पच झालो.

"काय निघालं?" तात्यांनी घाबरत विचारलं.

"थोडा गंज धरलाय. वयच झालंय ना तिचं."

त्यांनी प्लग घासून, कोरडा करून बसवला. इंजिन न अडखळता चालू लागलं.

"आणि तात्या, येत्या दसऱ्याला नारळ चाकापुढं फोडा, पाणीही तिथंच. पहिला मान चाकाचा. इंजिनाला नुसतं फूल दाखवायचं."

"तरीच रुसली होती!" तात्या म्हणाले.

ताई जराही हसल्या नाहीत. "रुसणारच की."