झाडाखालचे कवडसे

"दिसेल तेच काढायचं, डोक्यातलं नाही." चित्रकलेचा हा एकच नियम आईने लेकीला घालून दिला होता. त्यामुळे पोर रोज अंगणात पालथी पडून झाडाखालच्या फरशीवरचे कवडसे काढायची. सगळे गोल, काही एकमेकांवर चढलेले.

आज तिने आणलेल्या कागदावर एकही गोल नव्हता.

"चित्रकारबाई, सगळ्यांचे लचके कुणी तोडले?" ग्रहण बघायचा काळा चष्मा शोधत आई कपाटात अर्धी शिरली होती. "घाईघाईत गिरबटायचं नाही. खोड आणि नीट गोल काढ."

"पण तिथे असेच आहेत."

"पानांमधून चंद्रकोरी पडतात होय गं?"

पोरीने रबर कागदावर टेकवलं, पण तिला खोडवेना. "तूच म्हणतेस ना, दिसेल तेच?" असं म्हणत तिने आईला हाताला धरून अंगणात ओढत नेलं.

फरशीभर चंद्रकोरी पडल्या होत्या, शेकडो, सगळ्या एकाच बाजूला वळलेल्या. आईच्या पावलांवर होत्या, पोरीच्या फ्रॉकवरही होत्या. पानांमधली प्रत्येक फट वरचा ग्रासलेला सूर्य जसाच्या तसा खाली उतरवत होती.

चष्म्याचं विसरून आई तिथेच फरशीवर बसली.

"मग खोडू का गं?" पोरीने हळूच विचारलं.

"हात लावशील तर बघ!"

मग आईला भिंतीवर चिकटवलेले आधीचे कागद आठवले. त्यांवरचा एकेक गोल म्हणजे सूर्यच होता.