एक तरी डास

म्हाळसाबाईच्या घरात रामहरीला एकही डास मिळाला नाही. कुडावर, आढ्याखाली, उतरंडीच्या मागे त्याने बॅटरीचा उजेड फिरवला, शेळ्यांच्या गोठ्यातही जाऊन आला. हातातली काचेची नळी रिकामीच राहिली. घरभर कडुलिंबाच्या धुराचा वास कोंडला होता आणि सारवलेली जमीन अजून ओली होती.

“घावला का एक तरी?” म्हाळसाबाईने उंबऱ्यातून विचारले. “न्हाय न्हवं? काल तराळ सांगून गेला, सरकारी माणूस येतोय म्हणून. समद्या वस्तीनं धूर केलाय. मागं पलेगात आलती तुमची माणसं. घाण दिसली की छप्परं उतरवून गेली. आता काय करता उतरवून?” मग पदर तोंडाला लावून ती हसली. “डास धराया बी माणूस ठिवलाय व्हय सरकारनं? मग माशा माराया कोण हाय?”

रामहरीला हसू आले नाही. वस्तीतले हे शेवटचे घर. आधीच्या अकरा घरांतही असाच धूर, अशीच ओली जमीन.

“मावशी,” तो चाचरत म्हणाला, “डास मिळाले असते तर बरं झालं असतं. तापाचा डास जिथं सापडतो, त्याच वस्तीचं नाव साहेब यादीत घालतात. यादीत नाव असलं तर तापावरच्या कोयनेलच्या गोळ्या येतात.”

म्हाळसाबाईचे हसू गेले. आत बाजेवर तिची लेक केरा घोंगडी लपेटून पडली होती. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, सातवा महिना, आणि दिवसाआड हुडहुडी भरून ताप. आज तापाचा दिवस होता. बाज करकरत होती.

“एकच घावला तर चालतंय?”

“एक पुरे. पण धड पाहिजे. साहेब भिंगातून त्याचे पंख बघतात.”

“मग सांजंपतुर बसा की. दिवा लागला की येत्यात मेले थव्यानं. भाकरी टाकते तुमाला.”

“दुपारच्या आत बाकीच्या वस्त्यांच्या नळ्या सोलापूरला पोचवायच्या आहेत, मावशी. उद्या दुसरं गाव.”

आत जाऊन लेकीच्या अंगावरच्या घोंगडीची एकेक घडी ती उलगडून झटकू लागली. थंडीने केरा कण्हली. तेवढ्यात पायाकडच्या घडीतून एक डास उठला, जडपणे घिरटी घेतली आणि केराच्या उघड्या दंडावर टेकला.

मागोमाग आत आलेल्या रामहरीने श्वास रोखला. डोके खाली, शेपूट वर. तापाचाच.

“हलू नका,” तो पुटपुटला आणि नळीचे तोंड पुढे करीत वाकला. वीतभर अंतर राहिले, मग चार बोटे.

फट्!

म्हाळसाबाईचा हात तिच्याही नकळत पडला होता. दोन महिने लेकीच्या उशाशी बसून ती दुसरे काय करीत आली होती?

तिने तळहात उलटून पाहिला. जोंधळ्याएवढा लाल ठिपका, त्यात पंखांचा चुरा. रामहरीने बॅटरी जवळ नेली, क्षणभर पाहिले आणि विझवली. नळीच्या तोंडात कापसाचा बोळा कोंबला आणि वही उघडून वस्तीच्या नावापुढे शून्य काढले.

“ह्यो न्या की, त्या कापसात गुंडाळून.”

“चालत नाही, मावशी.”

“का न्हाय चालत? रगत माज्या केराचंच हाय न्हवं?” तिने तळहात तसाच त्याच्यापुढे धरला होता. “रगत बघून कळत न्हाय व्हय तुमच्या सायबाला?”