गुरम्माची वाटी

अर्धा तास पिळून पिळून गुरम्माच्या मनगटाला कळ लागली, तरी वाटीचं बूड काही झाकलं नाही. चार थेंब. पाचवा आला आणि कडेलाच चिकटून बसला.

शेजारच्या खाटेवर केसरबाई पाठ करून बसली होती. तिची चोळी ओली, पदर ओला. तिचं मूल चार दिवसांपूर्वी जन्मताच गेलं होतं, पण दूध काही थांबलं नव्हतं. गुरम्माचं पोर मात्र जगलं होतं. दुष्काळी कामावर खडी फोडताना तिला सातव्या महिन्यातच कळा आल्या, तसंच ट्रकमधून सोलापूरला दवाखान्यात आणलं, आणि तेव्हापासून पोर काचेच्या पेटीत होतं. आता देवाचा न्याय बघा, लेकरू एकीला दिलं आणि दूध दुसरीला. सिस्टरनं मग आपल्या अकलेनं दोन्हीची गाठ घालून दिली. तीन दिवस बाळ केसरबाईच्या दुधावर तग धरून राहिलं. आणि तीन दिवस गुरम्मा जळत होती.

सिस्टर वाटी न्यायला यायची आणि म्हणायची, "केसरबाई, तुझं दूध मानवलं बघ बाळाला." की गुरम्मा आपली रिकामी वाटी पदराखाली झाकायची. बाळ जगतंय याचा आनंद व्हायच्या आधी कुणाच्या जिवावर जगतंय, ते आठवायचं. नऊ महिने नाही तर नाही, सात महिने तरी मीच वागवलं की, असं ती मनातल्या मनात भांडायची. कुणाशी भांडते ते तिचं तिलाही कळत नव्हतं.

काल मैंदर्गीहून तिची सासू शिवबाई आली. तिनं केसरबाईला आधी गोडीनं गाव विचारलं, मग नवरा कुठल्या गिरणीत आहे ते विचारलं, मग आडनाव. आडनाव ऐकल्यावर पुढं काही विचारलं नाही. उठली, वाटी नळाखाली तीनदा विसळली आणि सिस्टरला म्हणाली, "लेकराची आई जिती हाय. त्याला तिचंच पाहिजे. दुसऱ्या कुणाचं चालायचं न्हाय." सिस्टरनं समजावून पाहिलं, रागावून पाहिलं. म्हातारी ढिम्म हलली नाही. शेवटी डब्याचं दूध दिलं, ते बाळानं सगळं ओकलं. सकाळी वजन उतरलं होतं.

आणि गुरम्माला काय वाटलं म्हणाल, तर सासू वाटी विसळत होती तेव्हा बरं वाटलं. आडनावाशी तिला काही घेणंदेणं नव्हतं. ती बाई आता आपल्या लेकराला पोसणार नाही, एवढ्यानंच गार वाटलं. वजन उतरल्याचं ऐकूनसुद्धा "द्या की तिचंच" एवढे तीन शब्द तोंडातून निघाले नाहीत. स्वतःची लाज वाटली, पण निघाले नाहीत.

चार वाजता भेटायची वेळ झाली. वाटीवर बशी झाकून, ती खाटेशीच ठेवून गुरम्मा सासूबरोबर बाळाच्या खोलीकडे गेली. आत जायची परवानगी नव्हती, खिडकीतूनच बघायचं. बाळाची कातडी सैल झाली होती, फासळ्या मोजून घ्याव्यात. तोंड उघडून रडत होतं, पण बाहेर आवाज येत नव्हता. शिवबाईनं हात जोडले.

"पाचला पाजायचंय," सिस्टर बाहेर येऊन म्हणाली. "आईचं आलं असेल तर ठीक. नाहीतर परत डबा. आणि परत ओकलं, तर माझ्याकडं बघू नका."

तिघी मिळून खाटेशी आल्या. सिस्टरनं बशी उचलली.

वाटी अर्ध्याच्या वर भरली होती.

"अगं, आलं की तुला," सिस्टर म्हणाली. म्हणता म्हणता तिनं एकदा शेजारच्या खाटेकडं पाहिलं. केसरबाई डोक्यावरून चादर घेऊन भिंतीकडं तोंड करून निजली होती.

"मी म्हणलं न्हवतं? मल्लय्याला साकडं घातलंय मी," शिवबाई म्हणाली. "कधी आलं गं?"

दूध अजून कोमट असणार, गुरम्माला वाटलं. हात लावून बघायचा धीर झाला नाही. एक शब्द बोलली असती, तर सासूनं ती वाटी मोरीत ओतली असती. तिचे कान तापले.

"मगाशी," ती म्हणाली. "मगाशी आलं."

मग पुन्हा खिडकी. सिस्टर बारीक नळीतून थेंब थेंब सोडत राहिली. बाळानं ओकलं नाही. वाटी रिकामी झाली तसं त्यानं तोंड मिटलं आणि झोपलं. "आईचं ते आईचं," शिवबाई काचेला नाक लावून म्हणाली. "लेकराला बरोबर कळतंय बघ." त्या कौतुकानं गुरम्मा तीन दिवसांत जळली नसेल तेवढी जळली.

सासू एसटी गाठायला गेली. गुरम्मा खाटेवर येऊन बसली.

"प्यालं का?" केसरबाईनं चादरीतूनच विचारलं.

"प्यालं. ओकलं न्हाय." आभार मानायचं तिच्या मनात होतं, पण तोंडातून आलं ते भलतंच. "केसरबाई, लेकरू माजं हाय. ध्यानात ठिवा."

"तुमचंच की," केसरबाई म्हणाली. "म्हणून तर तुमच्या वाटीत घातलं."