पूर्ण वाक्य

सरला वर्ध्याची, सासर पुण्याचं आणि संसार भिलाईत. नवरा स्टील प्लांटमध्ये, शेजारी रशियन इंजिनियरचं बिऱ्हाड. सरलानं हट्टानं रशियनचा क्लास लावला, पण आज पाठ केलेला शब्द उद्या नवीच शेपटी लावून समोर यायचा. पाव आठवला की मीठ विसरायचं. रडकुंडीला यायची, तरी जायची.

"दोन महिने झाले, सोड आता," नवरा म्हणाला.

"नाई सोडत. मले तं..."

"मले नाही, मला," सासूबाईंनी नेहमीसारखं मधेच टोकलं. "आधी मराठी सुधार."

रविवारी शेजारची गालिना चहाला आली. सरला अडखळत, शब्द शोधत तिला रशियनमध्ये आपल्या माहेराबद्दल सांगत राहिली. गालिना ऐकत राहिली. तिच्या हातातला चहा निवून गेला.

ती गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "शब्दाशब्दाला अडत होतीस. लाज नाही वाटली?"

सरला कपबशा उचलत म्हणाली, "नाई वाटली. सगळं चुकलं असन. पण मायं वाक्य पूर्ण होईस्तोवर या घरात आज पहिल्यांदा कोनी थांबलं."