दाराबाहेरचा तज्ज्ञ

एका दुखण्यावरच्या औषधाचा विषय निघाला तसा प्रोफेसर उठला. "माझी लेक याच दुखण्यानं आजारी आहे, मला मत देता येणार नाही," असं सांगून तो नियमाप्रमाणे खोलीबाहेर आला. तज्ज्ञांची ही समिती ना सरकारची होती, ना औषध कंपनीची. म्हणूनच तर सरकार आणि मदत देणाऱ्या संस्था, दोघंही तिच्या तोंडाकडे बघून बसले होते. तिनं हो म्हटलं, की औषध घरोघरी फुकट पोचणार होतं.

व्हरांड्यात त्याचे पाय ठरेनात. तेवढ्यात बायकोचा फोन आला, तसं त्यानं बाहेर आल्याचं सांगितलं.

"अहो, बाहेर कशाला आलात? दोन शब्द बोलला असतात तर जीभ झिजली असती का?"

"आपलंच माणूस आजारी असताना पंच होता येत नाही गं."

"लेकीपुढे कसले मेले नियम!"

फोनमध्ये मागून लेकीचा, खारूचा बारीक आवाज आला, "बाबा, औषध घेऊनच या. पण कडू नको हं!"

त्यानं फोन ठेवला. कुणीतरी चहा घेऊन आत शिरलं आणि दार किलकिलं राहिलं. अध्यक्षबाई म्हणत होत्या, "या औषधानं काडीचाही गुण येत नाही, हे दोन वर्षांपूर्वीच सिद्ध झालंय. अगदी चोख संशोधन आहे. बाहेर उभे आहेत ना, त्यांचंच. तेव्हा लेक ठणठणीत होती बिचारी."



"देवा," पुराव्याशिवाय कधी पाऊल न टाकलेला तो भिंतीला टेकून पुटपुटला, "माझं काहीतरी चुकलेलं असू दे."