तापलेलं गार्ड

"कुठल्या गाढवानं जोडलंय हे?" मगदूम मिस्त्री म्हणाले. दुसऱ्याचं काम हातात आलं की आधी त्याला शिव्या घालायच्या, ही त्यांची सवयच होती.

नसीमाच्या घरी जुना विकत घेतलेल्या ग्राइंडरच्या चाकावरचं प्लास्टिकचं गार्ड आधीच्या जोडावर फुटून तिच्या नवऱ्याचा डोळा गेला होता. आता मशीन ती चालवणार होती, म्हणून गार्ड जोडून घ्यायला मिस्त्रींकडे आली होती.

"या जातीचं प्लास्टिक जोडताना ऐकलेलं सगळं लक्षात ठेवतं," मिस्त्री म्हणाले. "तापवलं की बोलतं. आता कळेल कोण ते."

त्यांनी गरम हवेचा झोत धरला. गार्ड बोललं, "वरनं रंग मारून टाकतो. विकायचंच तर आहे."

आवाज मगदूमांचाच होता. मान खाली घालून ते झोत बंद करू लागले.

नसीमा उठली. "थांबा मिस्त्री. हे बाहेर रिक्षात बसलेत. त्यांनाही ऐकू दे."