सहावी उमेदवार

मुलाखतीला आलेल्या सहाही पायलटांना चीफ पायलटने शेवटी एकच प्रश्न विचारला, "थकून डोळे मिटताहेत आणि ऑफिसमधून फोन येतो, विमान न्यायलाच हवं. काय कराल?"

पाच जण म्हणाले, "नेऊ की, सर!"

सहावी उमेदवार एक मुलगी होती. ती म्हणाली, "नाही नेणार. नोकरी गेली तरी."

त्याने फक्त तिचीच शिफारस केली. विमान कंपनीच्या मालकांनी तिच्या नावावर फुली मारली. "असली माणसं ठेवली तर धंदा बसेल. ते पाच घ्या."

चीफ पायलटच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. त्याने त्या पाचांच्या नेमणुकीवर निमूटपणे सही केली.

तो दाराशी पोहोचला, तेव्हा मालक मागून म्हणाले, "कॅप्टन, त्या मुलीचा नंबर देऊन जा. आमच्या घरच्यांच्या खासगी विमानावर तीच हवी."